नव्या संगणकावर जुनी कार्यप्रणाली : एका आग्रहाची चिकित्सा

१

नवा संगणक विकत घ्यावयाचा, कारखान्यातून त्यात बसवून आलेली हार्ड डिस्क काढून तिच्या जागी दुसरी बसवावयाची, आणि यंत्राबरोबर आलेली नवी कार्यप्रणाली बाजूस सारून मागच्या पिढीतील प्रणाली तिच्यावर घालावयाची, हा प्रकार गेल्या दोन दशकांत पुनःपुन्हा घडत आलेला आहे. तो करणारे सर्वच काही हौशी प्रयोग करणारे नव्हेत. मुद्रणालये, हिशेबाची कार्यालये, प्रयोगशाळा, ग्रंथालये यांनाही तो करावा लागला आहे, आणि ज्या विभागांचे जन्मभराचे काम संगणकावर जुळविलेल्या मजकुराच्या रूपाने साठलेले आहे, त्यांच्या दारात तर हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच.

या आग्रहाविषयी दोन मते प्रचलित आहेत. पहिले मत असे की, हा निव्वळ सवयीचा मोह होय. नव्याची धास्ती घेणारा मनुष्य जुन्याला कवटाळतो, एवढाच त्याचा अर्थ. दुसरे मत असे की, हा ग्राहकाच्या स्वातंत्र्याचा आविष्कार होय. आपल्या पैशाने घेतलेल्या यंत्रावर कोणती प्रणाली चालवावयाची हे ठरविण्याचा अधिकार मालकाचा आहे, विक्रेत्याचा नव्हे. दोन्ही मतांत तथ्याचा अंश आहे; पण दोन्हींत एक समान दोष आहे. एका नावाखाली वावरणाऱ्या तीन-चार भिन्न कृती ती वेगळ्या करून पाहत नाहीत. त्या वेगळ्या केल्या म्हणजे यातील काही कृती शहाणपणाच्या, काही अपरिहार्य आणि काही सरळ हानिकारक ठरतात, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२

आरंभी शब्दांचा विचार करणे इष्ट आहे. मराठी व्यवहारात या कामाला ‘मशीन फॉरमॅट मारणे’ आणि ‘विंडोज टाकणे’ असे दोन शब्दप्रयोग रूढ आहेत. दोन्ही जोरकस आहेत आणि दोन्ही फसवे आहेत. ‘फॉरमॅट मारणे’ म्हटले की डिस्कवरील मजकूर जाणे, तिचे विभाग पाडले जाणे आणि त्या विभागांत नोंदवहीची नवी चौकट आखली जाणे, या तिन्ही गोष्टी एकाच क्रियापदात गडप होतात. ‘टाकणे’ या क्रियापदाने तर असे सुचविले जाते की, प्रणाली ही भांड्यात ओतावयाची वस्तू आहे आणि भांडे कोणतेही असले तरी ती त्यात मावेल. प्रत्यक्षात कार्यप्रणालीला ज्या यंत्रावर ती वावरणार त्याच्या प्रत्येक अवयवाशी बोलावे लागते, आणि ते बोलणे तिला आधी शिकविलेले असावे लागते. हे शिक्षण ज्या छोट्या आज्ञावलींनी मिळते त्यांना ड्रायव्हर म्हणतात. जुन्या प्रणालीची बहुतेक सगळी संकटे या एका शब्दापाशी येऊन थांबतात.

‘डाउनग्रेड’ हा तिसरा शब्द विक्रेत्यांनी दिलेला आहे. त्यात मूल्यनिर्णय आधीच घालून ठेवलेला आहे : नवे ते वरच्या पायरीचे आणि जुने ते खालच्या. काळाच्या क्रमात नंतर येणे आणि उपयोगाच्या दृष्टीने श्रेष्ठ असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. परंतु उलट बाजूने ‘जुनी प्रणाली स्थिर असते’ असे जे ठासून सांगितले जाते, तेही तितकेच तपासून घ्यावयास हवे. जी वस्तू बदलत नाही ती स्थिर दिसते हे खरे. पण भोवतालचे सर्व बदलत असता न बदलणे याला स्थैर्य म्हणावे की अलगपणा, हा प्रश्न उरतोच.

३

या आग्रहाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे विंडोज एक्सपी व विंडोज व्हिस्टा यांचा संघर्ष. एक्सपी ही प्रणाली २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली. तिच्यानंतरची व्हिस्टा सामान्य ग्राहकांस ३० जानेवारी २००७ रोजी मिळू लागली. मध्ये सव्वापाच वर्षांचा काळ गेला, आणि एवढ्या काळात एक पिढी एक्सपीवरच संगणक शिकली. नव्या प्रणालीची भूक मोठी होती. एक्सपीला किमान ६४ मेगाबाइट स्मृती पुरे अशी कंपनीची घोषणा होती. व्हिस्टाला किमान ५१२ मेगाबाइट लागत. ड्रायव्हरांची रचनाही बदलली होती, त्यामुळे कालपर्यंत चालणारे कित्येक प्रिंटर व स्कॅनर नव्या यंत्राशी जोडले असता मुके झाले. पदोपदी परवानगी विचारणारी सुरक्षा-व्यवस्था लोकांना जाचक वाटली. ही परवानगी विचारणे तत्त्वतः योग्य होते, हे पुढील अनुभवाने सिद्ध केले आहे. परंतु योग्य गोष्ट अयोग्य रीतीने समोर आली म्हणजे लोक ती नाकारतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जुन्या प्रणालीकडे परतणे हे नेहमीच बंडाचे कृत्य नव्हते. यंत्राबरोबर व्हिस्टाची बिझनेस किंवा अल्टिमेट आवृत्ती विकत घेणाऱ्यास एक्सपी प्रोफेशनल वापरण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने परवानापत्रातच दिलेला होता. घरगुती आवृत्त्या घेणाऱ्यास तो नव्हता. म्हणजे परतण्याचा मार्ग होता, पण तो अधिक किमतीच्या दारातून जात होता. ३० जून २००८ रोजी एक्सपीची सर्वसाधारण विक्री थांबविण्यात आली. ती थांबवू नये म्हणून त्या वर्षी अमेरिकेत ‘इन्फोवर्ल्ड’ या नियतकालिकाने सह्यांची मोहीम चालविली होती. एखाद्या प्रणालीच्या निरोपाविरुद्ध जाहीर अर्ज व्हावा, ही घटना ‘निव्वळ सवयीचा मोह’ या स्पष्टीकरणात मावत नाही. लोकांची सवय नव्हे, तर त्यांची साधने, त्यांची कागदपत्रे आणि त्यांच्या कामाची घडी त्या प्रणालीशी बांधलेली होती.

४

आता पहिल्या कृतीकडे, म्हणजे हार्ड डिस्क बदलण्याकडे, वळू. पुष्कळांना ही पायरी अनावश्यक वाटते. जुनी प्रणालीच घालावयाची तर असलेल्याच डिस्कवर घालावी, नवीचा खर्च कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. आमच्या मते या सर्व व्यवहारातील सर्वांत विवेकी कृती हीच होय.

व्हिस्टाच्या काळापर्यंत अनेक उत्पादकांनी यंत्राबरोबर प्रणालीची सीडी देणे बंद केले होते. तिच्या ऐवजी डिस्कच्याच एका राखीव विभागात प्रणालीची प्रत ठेवलेली असे, व यंत्र बिघडल्यास तिच्यावरून ते पूर्वस्थितीस आणता येई. असलेल्या डिस्कवर ‘फॉरमॅट मारला’ की हा राखीव विभागही पुसला जाण्याचा संभव असतो. मग नव्या प्रणालीकडे परतण्याचा मार्ग ग्राहकाने आपल्याच हाताने बुजविलेला असतो. मूळ डिस्क काढून, कागदात गुंडाळून, यंत्राचा क्रमांक वर लिहून कपाटात ठेवली, तर यंत्र दुरुस्तीस द्यावयाचे असो की विकावयाचे असो, ते आले तसे परत करता येते.

पाठसंशोधनाशी परिचय असलेल्या वाचकांस हे तत्त्व नवे वाटणार नाही. हस्तलिखितावर काम करणारा संपादक मूळ पोथीच्या पानावर आपल्या दुरुस्त्या लिहीत नाही. तो नक्कल घेतो आणि नकलेवर काम करतो. पोथी अशुद्ध असली, अपुरी असली, तरी ती पुरावा असते. कारखान्यातून आलेली डिस्क हाही एक पुरावा आहे. तो नाहीसा करून मिळणारी सोय फार थोडी, आणि जपण्याचा खर्च एका डिस्कचा.

५

दुसरी कृती म्हणजे प्रत्यक्ष जुनी प्रणाली बसविणे. येथे कालविपर्यासाचा प्रश्न उभा राहतो : २००१ सालच्या प्रणालीला २००८ सालचे यंत्र ओळखता कसे यावे? या अडचणींचे स्वरूप तीन उदाहरणांनी स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण डिस्कच्या आकारमानाचे. डिस्कवरील मजकूर ५१२ बाइटांच्या खंडांत साठविला जाई आणि प्रत्येक खंडाला क्रमांक असे. जुन्या पद्धतीत हा क्रमांक २८ द्विमान अंकांत लिहिला जात असल्याने सुमारे १३७ अब्ज बाइटांच्या पुढचा भाग गाठता येत नसे. एक्सपीची २००१ सालची मूळ सीडी या मर्यादेत अडकलेली होती. तिच्या पुढील दुरुस्ती-संचांनी ती दूर केली. म्हणजे दुकानात स्वस्त मिळाली म्हणून मोठी डिस्क घ्यावी आणि सर्वांत जुनी सीडी वापरावी, तर डिस्कचा बराचसा भाग अदृश्यच राहावा.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. २०११ च्या सुमारास उत्पादकांनी ५१२ बाइटांऐवजी ४,०९६ बाइटांचे खंड वापरण्यास आरंभ केला, आणि जुन्या प्रणाली गोंधळू नयेत म्हणून डिस्क बाहेरून जुन्याच मापाचे सोंग घेऊ लागली. एक्सपी आपला पहिला विभाग ६३ व्या खंडापासून सुरू करते. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६. या संख्येस ४,०९६ ने पूर्ण भाग जात नाही. परिणामी प्रणालीचा एकेक गट डिस्कच्या दोन-दोन खऱ्या खंडांवर पसरतो आणि लिहिण्याचे काम विनाकारण वाढते. व्हिस्टापासून पुढे विभागाचा आरंभ २,०४८ व्या खंडापाशी केला जाऊ लागला, तेथे ही विसंगती राहत नाही. यंत्र चालते, पण मंद चालते, आणि मालक समजतो की नवी डिस्कच हलक्या प्रतीची निघाली.

तिसरे उदाहरण सर्वांत प्रसिद्ध. एक्सपीच्या सीडीवर नव्या साटा जोडणीच्या प्रगत पद्धतीचे ड्रायव्हर नव्हते. स्थापना सुरू केली की ‘हार्ड डिस्क सापडत नाही’ असा संदेश येई, किंवा पडदा निळा होऊन काम थांबे. उपाय दोन. यंत्राच्या बायोसमध्ये जाऊन डिस्कची जोडणी जुन्या पद्धतीची आहे असे जाहीर करणे हा एक. स्थापनेच्या आरंभी एफ-सहा ही कळ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर पुरविणे हा दुसरा. पण नव्या यंत्रात फ्लॉपीची सोयच नसे! म्हणून जाणकार लोक मूळ सीडीतील आज्ञावलींत ड्रायव्हर मिसळून स्वतःची नवी सीडी तयार करीत.

हीच कथा विंडोज ७ च्या बाबतीत पुन्हा घडली. २०१५ साली आलेल्या इंटेलच्या सहाव्या पिढीच्या अनेक यंत्रांत यूएसबीची जुनी नियंत्रण-व्यवस्था उरली नव्हती, आणि २००९ सालच्या विंडोज ७ च्या तबकडीवर नव्या व्यवस्थेचे ड्रायव्हर नव्हते. बायोसमध्ये चालणारा कीबोर्ड स्थापनेचा पहिला पडदा येताच निश्चल होई.

येथवर सांगितलेल्या अडचणी असमर्थतेच्या आहेत. जुनी प्रणाली नव्या वस्तूस ओळखत नाही, यात कोणाचा दुष्टावा नाही. ड्रायव्हर मिळाला की अडचण संपते. परंतु जानेवारी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की, यापुढील नव्या प्रोसेसरांना केवळ अद्ययावत विंडोजवरच पाठिंबा मिळेल. आणि २०१७ साली अशा प्रोसेसरांवर चालणाऱ्या विंडोज ७ ला सुरक्षा-दुरुस्त्या देणे प्रत्यक्ष थांबविले. विंडोज ७ ची ठरलेली मुदत १४ जानेवारी २०२० पर्यंत होती. म्हणजे प्रणाली त्या यंत्रावर चालू शकत होती, तिच्या दुरुस्त्या तयार होत होत्या, इतर यंत्रांना त्या मिळतही होत्या. केवळ प्रोसेसर नवा म्हणून त्या या यंत्राला नाकारण्यात आल्या. ही असमर्थता नव्हे, हा नकार होय. ग्राहकस्वातंत्र्याच्या पक्षाने आपला सारा भर या भेदावर द्यावयास हवा होता. तसे न करता त्यांनी प्रत्येक तांत्रिक अडचण हा कट आहे असे म्हणण्यात शक्ती खर्च केली, आणि त्यामुळे जेथे तक्रारीस सबळ आधार होता तेथेही ती पोकळ वाटू लागली.

६

आता मराठीचा प्रश्न. आपल्या विद्यापीठीय विभागांपुरता जुन्या प्रणालीचा आग्रह मुख्यतः एका कारणासाठी असतो : जुन्या फॉन्टांत जुळविलेला मजकूर. १९९० नंतरच्या दशकात आणि पुढेही बराच काळ मराठी जुळणी अशा फॉन्टांत होत असे की, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती बसविलेल्या असत. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमन अक्षरांची अर्थहीन माळच असे. फॉन्ट लावला की डोळ्यांना मराठी दिसे. प्रत्येक कंपनीची आकृत्यांची मांडणी वेगळी. तो मजकूर बहुधा पेजमेकरसारख्या जुळणीच्या आज्ञावलीत ठेवलेला असे, आणि पेजमेकरची २००१ साली निघालेली सातवी आवृत्ती हीच शेवटची ठरली. फॉन्ट व कीबोर्डची आज्ञावली चालण्यासाठी कित्येकदा डोंगल लागे, आणि तो प्रिंटरच्या जुन्या समांतर जोडणीत खोचावा लागे.

या मजकुराकरिता नव्या यंत्रावर जुनी प्रणाली घालणारे लोक एक गोष्ट विसरतात. डिस्क बदलता येते, प्रणाली बदलता येते, पण मदरबोर्डवर जी जोडणीच नाही ती प्रणाली कोठून आणणार? डोंगल खोचण्यास जागा नसेल तर एक्सपी असून नसून सारखीच. याउलट कित्येकदा अडचण मुळात समजली तेवढी मोठी नसते. जुना फॉन्ट नव्या प्रणालीतही सामान्यतः बसविता येतो व मजकूर दिसतो. अडते ते टंकलेखनाची आज्ञावली व जुळणीची आज्ञावली यांच्यापाशी. वाचण्याची गरज व नव्याने लिहिण्याची गरज या दोन्ही निरनिराळ्या आहेत. पहिलीसाठी जुनी प्रणाली क्वचित लागते. दुसरीसाठी ती वापरू नये, हेच उत्तम.

‘वापरू नये’ असे म्हणण्यास लिपीविषयक आधार आहे. विंडोज २००० मध्ये देवनागरीचा युनिकोड पाठिंबा आला, आणि त्याबरोबर प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा टंक आला. एक्सपीमध्ये तो पाठिंबा होता, पण सामान्यतः आपोआप बसत नसे. प्रादेशिक पर्यायांत जाऊन, मूळ सीडी घालून, संमिश्र लिप्यांची सोय स्वतंत्रपणे बसवावी लागे. हे ज्यांनी केले नाही त्यांना जोडाक्षरे तुटलेली दिसत, आणि ‘युनिकोड मराठी नीट चालत नाही’ असा त्यांचा समज होई. दोष लिपीच्या मांडणीत नव्हता, न केलेल्या स्थापनेत होता.

पुढे ‘ॲ’ या अक्षराकडे पाहावे. ‘ॲड’, ‘ॲप’, ‘ॲसिड’ असे शब्द आज मराठी लेखक सहज लिहितो. या स्वतंत्र अक्षराला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २००८ साली, पाचव्या आवृत्तीच्या पहिल्या सुधारणेत. २००१ साली आलेल्या प्रणालीच्या मूळ टंकात ते असणे शक्यच नव्हते. तेथे त्या जागी रिकामा चौकोन दिसावा, हे क्रमप्राप्त होते. रुपयाचे चिन्ह भारत सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आले. त्याचीही तीच गत. अर्थात वेगळा टंक आणून हे दोष झाकता येतात. पण मग ‘जुनी प्रणाली जशीच्या तशी उत्तम’ हा दावा उरत नाही. जुन्या प्रणालीवर नवा मराठी मजकूर लिहिणे म्हणजे आपल्याच वर्णमालेच्या मागच्या आवृत्तीत लिहिणे होय.

या संदर्भात आणखी एक तुलना उद्बोधक आहे. १९८० नंतरच्या दशकात कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये आरंभ झालेल्या व पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेल्या जिस्ट कार्डाच्या मार्गाने जो मजकूर साठविला गेला, तो ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीत होता. १९९१ साली ती भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. तिच्यात आकृतीला नव्हे, वर्णाला क्रमांक दिलेला होता, आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही तिच्याच पूर्वरूपावर आधारलेली आहे. म्हणून ते कार्ड, ते खाचे, ते यंत्र सर्व नाहीसे झाले असले तरी इस्कीतील मजकूर युनिकोडमध्ये नेणे तुलनेने सरळ आहे. उलट आकृतींवर आधारलेल्या फॉन्टांतील मजकूर त्याहून अलीकडचा असून अधिक धोक्यात आहे. यावरून दिसते की, मजकुराचे आयुष्य तो कोणत्या प्रणालीवर उघडतो यावर ठरत नाही. तो कोणत्या तत्त्वाने लिहिला गेला यावर ठरते. जुन्या प्रणालीच्या आग्रहाने हा प्रश्न सुटत नाही, पुढे ढकलला जातो; आणि ढकलता ढकलता ज्यांना तो फॉन्ट व ती कळांची मांडणी ठाऊक आहे अशी माणसे निवृत्त होतात.

७

सुरक्षेचा मुद्दा वेगळा सांगावयास हवा. एक्सपीच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी बंद झाल्या. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर उपद्रव जगभर पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टला, मुदत संपून तीन वर्षे झाली असताही, एक्सपीसाठी अपवाद म्हणून दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली. यातून दोन गोष्टी दिसतात. मुदत संपलेल्या प्रणालीवर काम करणारे लोक तेव्हाही इतके होते की त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे शक्य नव्हते. आणि अशा प्रणालीच्या सुरक्षिततेस कंपनीच्या अपवादात्मक औदार्यावाचून दुसरा आधार उरलेला नव्हता. औदार्यावर कोणत्याही संस्थेने आपला ग्रंथसंग्रह सोपवू नये.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नियमित दुरुस्त्यांचा काळ संपल्यावर हा प्रश्न उलट बाजूने पुढे आला आहे. विंडोज ११ ठरावीक सुरक्षा-चीप व ठरावीक पिढीचे प्रोसेसर असल्यावाचून अधिकृतपणे बसत नाही. म्हणजे आता चांगल्या स्थितीतील जुन्या यंत्राला नवी प्रणाली नाकारली जात आहे. असमर्थता कोणती आणि नकार कोणता, हा भेद येथेही तितकाच उपयोगी पडतो.

८

मग संस्थांनी काय करावे? जुन्या प्रणालीची खरी गरज जेथे आहे तेथे तिला नव्या यंत्राची मालकीण न करता पाहुणी करावे. एका प्रणालीच्या आत दुसरी प्रणाली आभासी यंत्रात चालविण्याची सोय आज सर्वत्र उपलब्ध आहे. विंडोज ७ च्या वरच्या आवृत्त्यांस तर मायक्रोसॉफ्टनेच २००९ साली एक्सपी अशा रीतीने चालविण्याची सोय दिली होती. डोंगलासाठी खरे जुने यंत्र लागत असेल, तर ते जाळ्यापासून तोडून ठेवावे, त्याच्या डिस्कची संपूर्ण प्रतिमा घ्यावी, आणि त्यावर एकच काम करावे : जुना मजकूर उघडणे, त्याची छापील पानाबरहुकूम प्रत काढणे, आणि तो युनिकोडमध्ये नेऊन मुळाशी ताडून पाहणे. हे ताडून पाहणे यंत्राने होत नाही. रूपांतर करणारी आज्ञावली रफार व पहिली वेलांटी यांच्या जागा चुकविते. तेथे मराठी जाणणारा वाचकच लागतो. म्हणून हे काम संगणक-विभागाकडे ढकलून चालणार नाही. ते भाषेच्या विभागाचे काम आहे.

जुन्या प्रणालीचा आग्रह धरणारांना आपण हसू नये, कारण त्यांनी एक सत्य ओळखलेले असते : यंत्र बदलले म्हणून काम बदलत नाही, आणि झालेले काम टाकून देता येत नाही. मात्र त्या सत्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. जपावयाचे ते काम होय. डिस्क जपावी ती पुरावा म्हणून. प्रणाली ठेवावी ती किल्ली म्हणून, आणि तीही आतील मजकूर बाहेर निघेपर्यंतच. ज्या विभागांच्या कपाटांत जुन्या फॉन्टांत जुळविलेले प्रबंध, कोशांच्या नोंदी आणि संपादित पाठ अद्याप पडून आहेत, त्यांनी पुढचा संगणक मागविण्यापूर्वी त्या फाइलींची यादी करावी. त्या फाइली कोणत्या फॉन्टात आहेत हे सांगू शकणारी माणसे आज विभागात आहेत. हे काम त्यांच्या हयातीत, त्यांच्या देखरेखीखाली व्हावे हेच योग्य.